तस्नीमच्या हिश्श्यातले सरडे

तस्नीम,

तू गेल्यापासून लोक मला विचारतात, तुमची दोघींची ओळख कशी, आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देते. कधी म्हणते, कॉलेजात एका बाकावर होतो. कधी म्हणते, दोघी बुलढाणा जिल्ह्यातल्या, म्हणून जमलं. खरं उत्तर द्यायचं तर फार वेळ लागतो आणि हल्ली माझ्यात तेवढा दम नाही. त्या दिवशी पुरुषमंडळी तुला घेऊन कबरस्तानाकडे निघाली आणि आम्ही बायका तुझ्या अम्मीभोवती बसून राहिलो, तेव्हाही एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "तू कोण वं माय?" मी म्हटलं, "मंदा. जानेफळची." तिला तेवढं पुरलं. तिनं माझ्याकडे पाण्याचा गिलास सरकवला.

खरं उत्तर होस्टेलच्या न्हाणीतलं आहे. दोन पोरी ओल्या केसांनी बाहेर पळत आल्या होत्या, आत पाल होती. तू दात घासत होतीस. तशीच आत गेलीस, पाल पंजात धरून बाहेर आणलीस आणि उलटी करून तिच्या पायाच्या बोटांखालच्या पट्ट्या आम्हाला दाखवायला लागलीस. "हे भिताडावरची नोहे, हे झाडावरची हाय. इथं चुकून आली." मला घरातली पाल आणि ही पाल यांत काहीच वेगळं दिसत नव्हतं. मी म्हटलं, "कुठलीबी असू दे, तुले काय फरक पडते?" तू म्हणालीस, "मले नाही पडत. तिले पडते." मग तिला खिडकीबाहेरच्या निंबाच्या फांदीवर सोडून पुन्हा दात घासायला लागलीस.

आमच्या घरी पाल चुकचुकली की आई जमिनीवर बोट आपटायची. तुमच्याकडेही पालीचं कोणाला प्रेम नव्हतंच. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ओवाळून टाकलेल्या प्राण्याच्या मागं तू उभं आयुष्य घातलंस. मी कधी कौतुक केलं नाही. आपल्या बोलण्यात ती पद्धतच नव्हती.

पुढं तू नांदुऱ्याला शिकवायला लागलीस आणि मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत चिकटले. बीटी कपाशी नवी नवी होती. माझं काम एवढंच, की सरकीचा दाणा ठेचायचा, त्यातून डीएनए काढायचा आणि अळीला मारणारं ते जनुक त्यात आहे की नाही ते लिहून द्यायचं. एका रविवारी तू भेटायला आलीस आणि आमचं यंत्र पाहिलंस. डीएनएच्या नेमक्या एका तुकड्याच्या प्रती काढत बसणारं ते यंत्र. तू त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्यास.

"मंदे, याच्यात सरड्याचं चालते काय?"

"यंत्राले काय समजते, सरकी हाय का सरडा."

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, सुट्टीच्या दिवशी वापरा, रसायनं मात्र तुमची आणा. तेव्हापासून माझ्या सुट्ट्या गेल्या. आठवडाभर मी लोकांच्या सरकीत एक जनुक शोधायची आणि सुट्टीच्या दिवशी तुझ्या सरड्यांत त्यांच्या पणजीच्या पणजीची खूण. घरचे म्हणायचे, तस्नीमनं हिला वेड लावलं. ते खोटं नव्हतं.

तुझे सरडे मी पहिल्यांदा पाहिले ते अमडापूरजवळच्या तुमच्या शेतात. उन्हाळा होता. नर एकेक दगड धरून बसले होते, वीतभर लांब, मातीच्या रंगाचे, नजरेत न भरणारे. मग त्यातल्या एकानं मान वर केली आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडली. निळा, काळा, नारिंगी. उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मी तिथंच मुरमावर खाली बसले. तू माझ्याकडे पाहून हसत होतीस, पाहुण्या आलेल्या माणसाला आपल्या घरचा झोका दाखवावा तशी.

ती जमीन म्हणजे टेकाडाचा तुकडा. मुरूम, कुसळी गवत, चार बाभळी. खालचं काळं वावर अन्वरभाईंचं, तिथं कपाशीची पऱ्हाटी. वरचा तुकडा तुझ्या अब्बांनी कधी नांगरला नाही, त्यात बकऱ्या चरायच्या. अब्बा गेले तेव्हा वारसांत तुझंही नाव लागलं आणि तो टेकाडाचा तुकडा तुझ्या वाट्याला आला. अन्वरभाई, तुझे थोरले भाऊ, हक्कसोडीचा कागद घेऊन आले. बहिणी सही करून देतात, तशी पद्धत आहे. माझ्याकडेही तीच आहे. मी मुकाट्यानं करून दिली होती. तू दिली नाहीस.

"भाई, त्या तुकड्यात माझं काम आहे," असं तू त्यांना सांगितलंस, हे मला तुझ्याकडूनच कळलं. काय काम, ते त्यांना समजलं नाही. गावात बोललं गेलं की मास्तरीणबाई सरड्यांसाठी वाटा मागते. कोणी हसलं, कोणी म्हणालं सरडे हे नुसतं निमित्त आहे, नांदुऱ्यात घर बांधायचं असेल. अन्वरभाईंनी तुझ्या घरी येणं सोडलं. ईदला अम्मी एकटी बसनं यायची, डब्यात शेवया घेऊन, आणि परत जाताना तुझा डबा त्यांच्याकडे न्यायची. तू शेतात जायचीस तेव्हा ते खालच्या वावरात पाठ करून उभे राहायचे. फवारणीचा पंप पाठीवर असो नसो, पाठ तुझ्याकडेच. तू वर, काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास लावून दगडामागं दबा धरून. मी मध्ये, नळ्यांचा डबा घेऊन. अशी कित्येक वर्षं गेली.

तू सरडा फासात धरायचीस, मोजमाप घ्यायचीस, शेपटीचं अगदी टोक कापून मला द्यायचीस, मी ते अल्कोहोलच्या नळीत टाकायची. कापताना तू दर वेळी पुटपुटायचीस, "माफ कर बाप्पा, तुझी परत वाढत नाही." पालीची वाढते, यांची नाही, हे तुला बोचायचं. सोडताना तू त्याला त्याच्याच दगडावर नेऊन ठेवायचीस. मी म्हणायची, कुठंही सोड, जाईल आपल्या पायांनी. तू ऐकायची नाहीस.

आपला मोठा वाद त्या नळ्यांतून निघाला. आधी आपण आईकडून लेकरात जाणारा डीएनए वाचला. तो बापाकडून येत नाही, आईचाच पुढं जातो. तुझ्या टेकाडावरचे सरडे त्यात सगळ्यांपासून वेगळे निघाले. खामगावकडचे, मेहकरकडचे, नांदुऱ्याच्या रुळांपलीकडचे असे सगळे एकत्र आणि तुझे एकटे, लांब फांदीवर. दिसायला तेच, आतून फार पूर्वी फुटलेले. तू तो कागद घेऊन माझ्या बाल्कनीत उभी होतीस. मग म्हणालीस, "वेगळी जात हाय वं ही. याले नाव द्या लागते."

मी म्हटलं, थांब. आईबापाकडून मिसळून येणारी जनुकं वाचू, मग बोलू. ती वाचली तर त्यात तुझे सरडे वेगळे दिसेनात. सगळ्यांत मिसळलेले होते. माझं म्हणणं, जात एकच आहे. माद्या आपला दगड सोडून लांब जात नाहीत, म्हणून आईकडचा वारसा जागच्या जागी राहतो. नर हिंडतात, म्हणून बाकीचं सगळं मिसळतं. तुझं म्हणणं, मिसळण अलीकडची आहे, मुळात या दोन जाती.

"तुले नाव द्याची घाई झाली," मी म्हटलं.

"तुले नाही म्हणाची सवय झाली. दिवसभर सरकीच्या पुड्यांवर आहे-नाही लिहून लिहून."

मग हसलीस. "पाह्य न मंदे, सरड्यात बाई जागेवर राह्यते अन् बुवा हिंडते. अन् सातबारा मात्र आपल्यात बुवाच्या नावानं."

आपण दोघी हसलो होतो, पण वाद मिटला नाही. मधल्या भागातले सरडे हवे होते, अमडापूर आणि मेहकरकडच्या जानेफळच्या मधले, म्हणजे फांदी अचानक तुटते की हळूहळू बदलत जाते ते कळलं असतं. ते गोळा करायचं आपण पुढं ढकलत राहिलो. तुझ्या परीक्षा, माझी सासू, कधी पाऊस लवकर, कधी ऊन इतकं की सरडेही बाहेर येईनात. नावाचं मात्र तू ठरवूनच ठेवलं होतंस. अमडापूरचं नाव. कोणा मोठ्या माणसाचं नाही. "मोठ्या माणसांले लई जागा असतात," म्हणालीस.

मग ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं.

त्या वर्षाबद्दल मी तुझ्याशिवाय कोणाशी धड बोलले नाही. आमच्या प्रयोगशाळेत पुड्यांचा ढीग लागला. लोक म्हणत होते, बियाणं बोगस होतं. मी दाणे ठेचत होते, जनुक शोधत होते, आणि ते सापडत होतं. बहुतेक पुड्यांत सापडत होतं. बी खरं होतं. अळी बदलली होती. इतकी वर्षं तेच विष खाऊन तिच्यातल्या ज्या वाचल्या त्यांचीच पिल्लावळ पुढं वाढली होती. जे व्हायला तुझ्या सरड्यांना लाखो वर्षं लागली असं आपण झाड काढून दाखवत होतो, तसलंच काही त्या अळीनं आपल्या डोळ्यांसमोर करून टाकलं होतं. चिखलीकडचा एक माणूस पुडी घेऊन तीन जिने चढून आला होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे बियाण्याची चूक नाही, कंपनीची नाही, माही नाही. मंग बाई, आता मी पाहू कोणाकडं?" मी "जनुक आढळले" असं लिहिलं आणि सही केली. दिवसभर तेच लिहिलं. संध्याकाळी तुला फोन करून त्या माणसाचं सांगितलं.

अन्वरभाईंची पऱ्हाटी कमरेच्या वर गेली होती. बोंडं भरलेली. फोडलं की आत अळी. त्यांनी वेचणीला बाया लावल्याच नाहीत, मेंढ्या सोडल्या उभ्या पिकात. हे अम्मीनं सांगितलं.

आणि त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी ते तुझ्या दारात आले. मी आत ओट्याशी होते, नळ्यांवर नावं लिहीत. मला वाटलं दूधवाला. तू दार उघडलंस आणि तुझा आवाज आला, "भाई?" ते आत आले, चप्पल नीट जोडीनं ठेवली, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मला पाहून म्हणाले, "ताई, बऱ्या?" मी हो म्हटलं. तू चहा टाकलास. साखर विसरलीस, पुन्हा उकळवलास. ते भिंतीवरच्या तुझ्या सरड्याच्या फोटोकडे पाहत होते. तो पंखा उघडलेला, निळा फोटो. खाली पाठ करून उभं राहणाऱ्या माणसानं तो सरडा पहिल्यांदाच समोरून पाहिला असावा.

त्यांनी मागितलं असं काही नाहीच. अम्मीच्या गुडघ्यांचं बोलले, थोरल्या पोराच्या नोकरीचं बोलले. मग म्हणाले, खालच्या काळ्या वावरात अळीचं घर झालंय, सगळे म्हणतात नवं रान पाहा, तूर टाका. आणि चहाच्या कपाकडे पाहत थांबले.

तू म्हणालीस, "ऊपरवाला टुकडा जोत लो, भाई."

एवढंच. त्यांनी मान हलवली. चहा संपवला. जाताना दारात तुझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी नळ्यांकडे वळले, कारण ते बघणं मला बरं वाटेना.

ते गेल्यावर मी तुला जे बोलले ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, इतकी वर्षं भावाशी अबोला धरलास तो कशासाठी? ज्या सरड्याला जगात दुसरीकडे जागा नाही असं तूच सांगत होतीस, त्याची जागा तू चहाच्या कपाबरोबर देऊन टाकलीस. तू भांडी विसळत होतीस. म्हणालीस, "मंदे, तुह्या मतानं त तो वेगळा नाहीच न. मंग काऊन रागावून राह्यली?"

मी पिशवी उचलली आणि स्टेशनवर आले. गाडी उशिरा होती. फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या, त्याला टेकून उभी राहिले. तुझ्यावर इतका राग मला कधी आला नव्हता. आजही तो गेलेला नाही, फक्त त्याचं काय करायचं ते कळत नाही. जिवंत माणसावरचा राग कुठंतरी वापरता येतो.

नांगरणीच्या दिवशी मी जाणार नव्हते. गेले. तू धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली बसली होतीस, ओढणी डोक्यावरून घेऊन. शेजारी अम्मीनं दिलेला भाकरीचा डबा, न उघडलेला. ट्रॅक्टर अन्वरभाईंचा पोरगा चालवत होता. पहिल्या तासापासून बगळे आले. नांगरामागून पांढरे बगळे चालत होते आणि उलट्या पडलेल्या मातीतून जे पळेल ते टिपत होते. किडे, नाकतोडे, आणि ते. मी तुझ्याकडे पाहिलं. तू तोंड फिरवलं नाहीस. मी म्हटलं, "चाल, घरी जाऊ." तू म्हणालीस, "नाही. पाहू दे. इतके वर्ष या सरड्यायचं सगळं पाह्यलं न, हेबी पाह्यतो." दुपारपर्यंत तो तुकडा तांबडा आणि सपाट झाला. अन्वरभाई पाण्याची कळशी घेऊन आले, आधी तुला दिलं, मग मला, मग पोराला. त्या दिवशी त्यांनी आपल्याकडे पाठ केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आपण राहिलेलं काम केलं. मधला पट्टा, अमडापूरहून जानेफळकडे, टेकाड टेकाड करत. तुला तेव्हाच दुखायला लागलं होतं. तू पोट दाबून धरायचीस आणि म्हणायचीस, पित्त आहे. शेवटच्या टेकाडावर तू फासाची काठी माझ्याकडे दिलीस. मी जन्मात पहिला सरडा धरला, तीही मादी, गळ्याला रंग नाही, काही नाही. तू खाली दगडावर बसून सूचना देत होतीस. "हळू. सावली नको पडू देऊ. हां. आता." तुझ्या तोंडावर त्या क्षणी इतका आनंद होता की मी चिडले. इतकं सोपं होतं तुला खूश करणं, तर आपण एवढी वर्षं भांडलो कशाला?

मग दवाखाने. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

निकाल आले तेव्हा तू पलंगावरच होतीस. मी झाड काढलं, छापलं, आणि नांदुऱ्याला आले. वाटेत बसमध्ये ठरवत होते की कसं सांगावं. मग ठरवणं सोडून दिलं. तुझ्याशी आडून बोलायची मला सवय नव्हती. तुला उशीला टेकवून बसवलं आणि म्हटलं, "तस्नीम, जात एकच आहे. मधल्या पट्ट्यात सगळं हळूहळू बदलत जातं. कुठंच तुटत नाही. नाव देता येणार नाही."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं रडतेस. पण तू हसत होतीस, अगदी थोडं.

"बरं झालं वं," म्हणालीस. "म्हंजे भाईनं काही संपवलं नाही."

मी हो म्हटलं. तेवढंच म्हटलं. कारण तो कागद तुझ्या मांडीवर होता आणि तू तो माझ्याहून चांगला वाचायचीस. आईकडच्या वारशाचं झाड खाली छापलं होतं. त्यात तुझ्या टेकाडाची फांदी होती तशीच होती, लांब, एकटी. मधल्या पट्ट्यात तिचं कोणी सापडलं नव्हतं. जात एकच, पण त्या आयांची ती ओळ त्या तुकड्याबाहेर आपल्याला कुठंच मिळाली नाही. नाव देण्याएवढी ती वेगळी नव्हती. पण ती होती आणि आता बहुतेक नाही. तुझं बोट त्या फांदीवर गेलं, थोडा वेळ तिथं राहिलं, आणि मग तू कागद घडी करून मला परत दिलास. "जपून ठेव," म्हणालीस.

तुला दिसलं होतं का? मला वाटतं, दिसलं होतं. तू मला विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आपण दोघींनी मिळून ते तसंच ठेवलं. भांडणात कधी माघार न घेणारी तू त्या दिवशी हरल्यावर इतकी खूश होतीस, की जिंकल्याचं मला काहीच वाटलं नाही. मग तू म्हणालीस, "भूक लागली." कितीतरी दिवसांनी. मी मुगाची खिचडी केली आणि तू चार घास खाल्लेस.

तुझं-माझं जे देणं-घेणं आहे, त्यात आभार कुठं बसतात मला कळत नाही. मी सरकीत "आहे" आणि "नाही" यापलीकडे काही पाहिलं नसतं. साध्या मातीच्या रंगाच्या, कोणाच्या कामाच्या नसलेल्या प्राण्याच्या अंगात एवढा जुना काळ भरलेला असतो, हे मला तुझ्यामुळं कळलं. आता रस्त्यानं जाताना धुऱ्यावर सरडा दिसला की मी गाडी हळू करते. ते माझ्या नवऱ्याला आवडत नाही. मागून हॉर्न वाजतात.

परवा मी अम्मीला भेटायला गेले होते. तिनं तुझी एक ओढणी मला दिली, आणि तुझ्याबद्दल एक शब्द न बोलता पूर्ण दुपार तुरीच्या शेंगा सोलत बसली. मीही सोलल्या. निघताना अन्वरभाई म्हणाले, चला ताई, सोडतो बसपर्यंत, पण मोटारसायकल त्यांनी शेताच्या वाटेला वळवली. मी विचारलं नाही.

वरच्या तुकड्यात तूर उभी होती. चांगली होती. आम्ही धुऱ्यावर उभे राहिलो. त्यांनी एक शेंग तोडली, उगाच फोडली.

"ताई, एक विचारू?"

"विचारा न."

"तिनं मले अडवलं काऊन नाही? मी त्या दिवशी नांदुऱ्याले गेलतो न, मनात धरूनच गेलतो, का तस्नीम नाही म्हणन. नाही म्हणली असती त चहा पिऊन वापस आलो असतो. बाजूच्या पाटलाचं रान बटाईनं बोलून ठेवलं होतं मी. तिकडं टाकली असती तूर."

त्या दिवशीचा ओटा, नळ्या, दोनदा उकळलेला चहा. मी म्हटलं, "मग तुम्ही तिले तसं सांगितलं काऊन नाही?"

"तिनं विचारलं नाही."

ते खरंच होतं. त्यांनी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस, आणि शेजारी मी होते तर मी नळ्यांकडे तोंड करून उभी होते. मला एकदम फार थकल्यासारखं झालं. वाटलं, इथंच बसावं धुऱ्यावर आणि अंधार पडेपर्यंत उठू नये. पण अन्वरभाई माझ्याकडे पाहत होते. उत्तर घेतल्याशिवाय ते मला बसपर्यंत सोडणार नव्हते, आणि ते उत्तर घेऊन त्यांना पुढची सगळी वर्षं या तुरीत राबायचं होतं.

मी म्हटलं, "अन्वरभाई, तुम्ही इतक्या वर्षांनी तिच्या दारात आले होते. त्या दिवशी तुम्ही काहीही मागितलं असतं तरी तिच्यानं नाही म्हणवलं नसतं. जमीन तिनं नंतर दिली. तुम्हाले पाहून तिचं हो आधीच झालं होतं."

ते तुरीकडे वळले. मग "हाव," म्हणाले, आणि हातातल्या शेंगेतले दाणे माझ्या तळहातावर ठेवले. हिरवे, कोवळे होते. आम्ही दोघांनी ते तिथंच उभ्यानं खाल्ले.

हे मी तुझ्या वतीनं बोलले, तस्नीम. तू मला असं कधी सांगितलं नव्हतंस. चुकलं असेल तर तसं मला सांगायला आता कोणी नाही, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी भांडायची मी सवय ठेवली नाही.